मुलाच्या कानात पाणी साठलंय आणि अ‍ॅलर्जीपण आहे? मग हे असं करा

आमचा धाकटा साडेचार वर्षांचा असताना त्याच्या टीचरनी मला शाळेच्या गेटपाशी थांबवून सांगितलं की हा वर्गात अजिबात लक्ष देत नाही, तीन-तीनदा हाक मारावी लागते. घरी आल्यावर मी त्याला चांगलंच रागावले. ती संध्याकाळ आठवली की अजून पोटात कालवतं, कारण पोरगं ना हट्टी होतं ना आळशी, त्याला नीट ऐकूच येत नव्हतं. दोन्ही कानांच्या पडद्यामागे पाणी साठलं होतं आणि आम्हाला कोणालाच पत्ता नव्हता, कारण दुखत नव्हतं, कान वाहत नव्हता, ताप नव्हता, काहीच नव्हतं. आणि वर्षभर सकाळ झाली की शिंका, नाक गळणं, नाक चोळणं हे चालूच होतं, ते आम्ही "डोंबिवलीच्या हवेमुळे" म्हणून सोडून देत होतो.

मी डॉक्टर नाही, पण त्या एका वर्षात जेवढं शिकले, विचारलं, वाचलं ते सगळं इथे लिहितेय, कारण आया-बाबांना या दोन गोष्टींचा संबंध कोणी नीट सांगत नाही. कोणी म्हणतं अ‍ॅलर्जीमुळेच झालंय, अ‍ॅलर्जीचं औषध द्या, जाईल. कोणी म्हणतं अ‍ॅलर्जीचा काही संबंध नाही. दोन्ही अर्धवट आहे. आधी मुद्द्याचं सांगते, मग बाकीचं: अ‍ॅलर्जीवर उपचार नाकासाठी करा, मनापासून करा, पण त्याने कानातलं पाणी जाईल या भरवशावर राहू नका. कानाची तारीख वेगळी लिहून ठेवा आणि कानाची तपासणी वेगळी करून घ्या. आमची चूक इथेच झाली, आम्ही चार महिने सिरप देत बसलो आणि कान कोणी तपासलाच नाही.

हे पाणी म्हणजे काय ते आधी. आंघोळीचं किंवा स्विमिंगचं पाणी नाही हे, ते पडद्याच्या बाहेर राहतं. हे पडद्याच्या आत, मधल्या कानात साठतं. मधला कान ही एक छोटीशी हवेची पोकळी आहे आणि तिथली हवा ताजी ठेवायला एक बारीक नळी असते, युस्टेशियन ट्यूब, जी नाकाच्या मागे घशात उघडते. खंडाळ्याचा घाट चढताना कानाला दडे बसतात आणि आवंढा गिळला की फट् करून सुटतात ना, ते काम हीच नळी करते. मोठ्या माणसात ती साधारण ३६ मिलिमीटर लांब आणि तिरकी असते, तान्ह्या बाळात त्याच्या निम्मी आणि जवळजवळ आडवी. शिवाय लहानपणी ती लिबलिबीत असते, नीट उघडत नाही. सात वर्षांच्या आसपास ती मोठ्यांसारखी होते, म्हणून हा त्रास मुख्यतः त्याआधीचा. शाळेत जाईपर्यंत जवळजवळ ९० टक्के मुलांना एकदा तरी असं पाणी होतं, बहुतेकांचं आईबापाला कळायच्या आत येऊन जातंसुद्धा.

नळी बंद पडली की आतली हवा तिथलं अस्तर शोषून घेतं, बाहेरून नवी हवा येत नाही, आत ओढ तयार होते, पडदा आत खेचला जातो आणि अस्तरातून पाणी झिरपायला लागतं. जास्त दिवस राहिलं तर ते पाणी घट्ट होतं, अगदी डिंकासारखं. इंग्लंडमध्ये तर त्याला ग्लू इअरच म्हणतात.

आता अ‍ॅलर्जी यात कुठे येते. धूळ, बुरशी, झुरळ, परागकण यातलं जे काही मुलाला सोसत नाही ते नाकात गेलं की शरीरात हिस्टामिन नावाचं रसायन सुटतं, नाकाचं अस्तर सुजतं, पाणी सुटतं आणि नळीचं तोंड नाकाच्या अगदी मागेच असल्यामुळे तेही सुजतं. वरून अ‍ॅडेनॉइड, म्हणजे नाकाच्या मागची गाठ, ती फुगली तर दार अजूनच चेपतं. ऐकायला अगदी सरळ वाटतं, अ‍ॅलर्जी आली, नळी बंद झाली, पाणी साठलं. पण अमेरिकेत पिट्सबर्गला १९८० च्या दशकात अ‍ॅलर्जी असलेल्या लोकांच्या नाकात मुद्दाम परागकण देऊन पाहिलं तेव्हा नळी बंद झाली खरी, पण तेवढ्याने कानात पाणी काही साठलं नाही. म्हणजे अ‍ॅलर्जी एकटी सहसा पाणी करत नाही, ती दार अर्धं लावून ठेवते, मग पाळणाघरातून किंवा बालवाडीतून एखादी सर्दी आली की ती ते पूर्ण लावते आणि अ‍ॅलर्जीवाल्या मुलाचं ते लवकर उघडत नाही. लहान मुलांच्या कानातल्या पाण्याचं सगळ्यात मोठं कारण साधी सर्दीच आहे, अ‍ॅलर्जी तिची जोडीदार. हे समजलं की पुढचं सगळं सोपं जातं, निदान मला तरी गेलं.

ओळखायचं कसं? टीव्हीचा आवाज वाढवणं हे सगळ्यांना माहीत असतं. आमच्याकडे खुणा वेगळ्याच होत्या. हा सारखं "हं?" म्हणायचा. पाठमोरा असताना हाक मारली तर वळायचा नाही, समोर असला की सगळं कळायचं, कारण तो तोंडाकडे बघून समजून घेत होता. मोठ्याने बोलायचा. एकदा मी म्हटलं "ताप आहे का बघू" तर घाबरून पलंगावर चढला, त्याला "साप" ऐकू आलं होतं. आम्ही सगळे हसलो त्या दिवशी. नंतर ऐकण्याची तपासणी करणाऱ्या ऑडिओलॉजिस्ट मॅडमनी समजावलं की पाणी असताना साधारण २० ते ३० डेसिबलने ऐकू कमी येतं, म्हणजे दोन्ही कानांत बोटं घालून ऐकल्यासारखं, स्वर ऐकू येतात पण स, त, फ असली हलकी व्यंजनं गळतात. मुलाला "आप" एवढंच मिळतं, सुरुवातीचं अक्षर तो मनाने लावतो. काही मुलांचा तोलही जातो, सारखी धडपडतात. काही नुसती चिडचिडी होतात. आणि दर वेळी दोन्ही कानांत सारखं नसतं, शिवाय एक दिवस बरं एक दिवस वाईट असंही होतं, त्यामुळे "काल तर ऐकलं होतंस की!" असं आपण म्हणतो. ते म्हणू नका.

घरच्या घरी एक करता येतं. मूल खेळत असताना टीव्ही-पंखा बंद करा, त्याच्या मागे हातभर अंतरावर उभं राहा, तोंड दिसणार नाही असं, एका कानावर त्याचाच हात धरायला सांगा आणि कुजबुजत्या आवाजात त्याला माहीत असलेले शब्द म्हणा, चेंडू, पोळी, सायकल, फुगा, आणि त्याला ते परत म्हणायला सांगा. मग दुसरा कान. दोन-तीन शब्द सलग चुकले किंवा कळलेच नाहीत तर तपासायला घेऊन जा. याने निदान होत नाही, पण जायचं की नाही हे ठरतं. आणि बरोबर म्हणाला तरी तुम्हाला शंका असेल तर जाच.

अ‍ॅलर्जी आहे की नुसती सर्दी हेही बघायला लागतं. सर्दी आठ-दहा दिवसांत आवरते, सुरुवातीला ताप किंवा अंग मोडल्यासारखं असतं, शेंबूड घट्ट होतो. अ‍ॅलर्जीत ताप नसतो, पाण्यासारखं नाक गळतं, सकाळी उठल्या उठल्या शिंकांची माळ लागते, नाक आणि डोळे खाजतात. मूल तळहाताने नाक खालून वर ढकलत राहतं, दिवसातून इतक्यांदा की नाकाच्या शेंड्याच्या वर एक आडवी बारीक रेघ पडते. आमच्याकडे ती रेघ वर्षभर होती आणि मी तिला आंघोळीच्या वेळी साबणाने घासायचे, डाग समजून. डोळ्यांखाली काळपट वर्तुळं, तोंड उघडं ठेवून झोपणं, घोरणं. घरात कोणाला दमा, एक्झिमा, शिंकांचा त्रास असेल तर शक्यता जास्त. आम्हाला खरं कळलं ते गणपतीच्या आधी. माळ्यावरून मखराचा खोका काढला, वरचं वर्तमानपत्र उचललं आणि शेजारी उभा असलेला हा सलग शिंकायला लागला, डोळे लाल, थांबेचना. त्या दिवशी मी पहिल्यांदा वहीत तारीख लिहिली.

वही कराच, मोबाईलमध्ये केली तरी चालेल. काय लिहायचं: शिंका कधी, कुठे, काय चालू होतं (साफसफाई, पाऊस, गावाला गेलो होतो, कोणाकडे कुत्रा होता), सर्दी-ताप कधी आला, औषध कोणतं आणि किती दिवस, आणि कानाबद्दल काय वाटलं. पण सगळ्यात महत्त्वाची तारीख म्हणजे डॉक्टरांनी कानात बघून "पाणी आहे" असं पहिल्यांदा सांगितलं ती. तिच्याभोवती गोल करा. पुढचे तीन महिने तिथून मोजायचे असतात.

तपासणी कोणाकडे? आधी तुमचे नेहमीचे बालरोगतज्ज्ञ, मग कान-नाक-घसा म्हणजे ईएनटी. नुसत्या टॉर्चने पाणी दर वेळी दिसत नाही, आमच्या पहिल्या डॉक्टरांनी टॉर्चने बघून "कान क्लिअर आहे" सांगितलं होतं. म्हणून टिंपॅनोमेट्री करून घ्या. कानात मऊ रबराचं टोक लावतात, हवेचा दाब थोडा कमी-जास्त करतात आणि पडदा किती हलतो ते कागदावर येतं, काही सेकंदांचं काम आहे, अजिबात दुखत नाही. ग्राफवर डोंगरासारखं टोक आलं तर टाईप ए, नॉर्मल. टोक डावीकडे सरकलं तर टाईप सी, म्हणजे आत ओढ आहे, पाणी होऊ घातलंय किंवा ओसरतंय. सपाट रेघ आली तर टाईप बी, म्हणजे बहुधा पाणी. आमच्या दोन्ही रेघा सपाट होत्या, टेबलावर ठेवलेल्या पट्टीसारख्या. कागद जपून ठेवा, पुढच्या वेळी शेजारी ठेवून बघायचा असतो.

आणि ऐकण्याची टेस्ट वेगळी. लहान मुलांची खेळातून घेतात, हेडफोन लावतात आणि सांगतात की आवाज आला की ठोकळा डब्यात टाक. मी काचेच्या आत त्याच्या शेजारीच बसले होते. त्याने ठोकळा गालाशी धरला होता, वाट बघत होता, बाहेर मॅडमनी बटण दाबलं की एक दिवा लागायचा तो मला दिसत होता, आणि त्याचा हात तसाच गालाशी. दिवा लागला, विझला, परत लागला. आवाज बराच मोठा केल्यावर एकदम हसला आणि ठोकळा टाकला. मी तिथे रडले नाही, बाहेर येऊन रिक्षात रडले.

खर्चाची काळजी असेल तर सरकारी सोय आहे हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला, सुरुवात आपल्या पालघरमधूनच झाली होती, त्यात अंगणवाडी आणि सरकारी शाळांतल्या मुलांची तपासणी होते आणि कानाचे आजार त्यात येतात, पुढे जिल्हा पातळीवरच्या केंद्रात पाठवतात. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग ही वाक् आणि श्रवण दोषांवर काम करणारी राष्ट्रीय संस्था आहे, तिथे ऐकण्याच्या तपासण्या होतात. मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलांत ईएनटी विभाग असतोच.

आता औषधं, इथे जरा नीट वाचा. नुसतं कानातलं पाणी जावं म्हणून अँटीहिस्टामिन (सेट्रीझिन वगैरे) आणि नाक मोकळं करणारी औषधं देऊन उपयोग होतो का हे बघायला कॉक्रेन (जगभरचे वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणारी संस्था) च्या तज्ज्ञांनी १६ अभ्यास, जवळपास १८८० मुलं, एकत्र तपासली. पाणी लवकर गेलं नाही, साइड इफेक्ट मात्र झाले. तोंडाने स्टेरॉइड देण्याचा मोठा प्रयोग ब्रिटनमध्ये झाला, २०१८ मध्ये छापून आला, त्यातही म्हणावा असा फायदा दिसला नाही. अँटिबायोटिकने थोडाफार फरक पडला तरी नुकसान बघता नेहमी द्यायचं कारण नाही. अमेरिकेतल्या ईएनटी डॉक्टरांच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट आहे की या पाण्यासाठी ही औषधं देऊ नका. म्हणून कोणी चौथ्यांदा "अजून पंधरा दिवस सिरप" म्हणालं तर विचारा, हे नाकासाठी देताय की कानासाठी? विचारायला संकोच करू नका, चांगले डॉक्टर रागावत नाहीत.

नाकाची अ‍ॅलर्जी मात्र औषधाला ऐकते आणि तिच्यावर उपचार केलाच पाहिजे, मूल रात्री नीट झोपलं, तोंड मिटून श्वास घेतला तरी केवढा फरक पडतो. डॉक्टर सहसा नाकातला स्टेरॉइड स्प्रे देतात, मोमेटासोन २ वर्षांपासून, फ्लुटिकासोन प्रकाराप्रमाणे २ किंवा ४ वर्षांपासून. "स्टेरॉइड" ऐकून आमच्या सासूबाई हादरल्या होत्या, मीपण, पण हा डोस फार छोटा असतो आणि मुख्यतः नाकातच काम करतो, दीर्घकाळ घ्यायचा असेल तर डॉक्टर उंची बघत राहतात. दोन दिवसांत फरक नाही म्हणून बंद करू नका, पूर्ण परिणामाला एक-दोन आठवडे लागतात. झोप न आणणारं अँटीहिस्टामिन शिंका आणि खाज याला चालतं. मेडिकलवाल्याकडून सर्दीचं कॉम्बिनेशन सिरप उचलून आणू नका, क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन एकत्र असलेलं औषध ४ वर्षांखाली देऊ नये असं आपल्या केंद्रीय औषध नियामकांनी डिसेंबर २०२३ मध्ये बजावलंय. आणि मॉन्टेलुकास्ट हे अ‍ॅलर्जी-दम्याचं औषध आपल्याकडे सर्रास लिहून देतात, त्याच्याबद्दल २०२० मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (तिथल्या औषध नियामकांनी) मूड आणि झोपेवर होणाऱ्या परिणामांचा ठळक इशारा दिलाय. मूल ते घेत असेल आणि एकदम भयानक स्वप्नं, चिडचिड, वेगळं वागणं दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.

स्प्रे मारायची पद्धत कोणी दाखवत नाही, म्हणून लिहिते, कारण चुकीचा मारला तर औषध घशात जातं आणि नाकाच्या मधल्या पडद्याला लागून रक्त येतं. आधी सलाईनचे थेंब किंवा स्प्रे, नाक हलकं शिंकरायला लावा, एका वेळी एकच नाकपुडी आणि जोर न लावता. पाच मिनिटं थांबा. बाटली हलवा. मुलाची मान किंचित पुढे, मागे नाही. मुलाच्या मागे उभं राहून मारताना उजव्या नाकपुडीला डावा हात, डाव्या नाकपुडीला उजवा, म्हणजे नळीचं टोक आपोआप बाहेरच्या बाजूला, डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे वळतं. दाबा आणि मुलाला हळू श्वास घेऊ दे, जोरात ओढायचा नाही. घशात कडू लागलं तर समजायचं जोरात ओढलं. आम्ही आधी बाहुलीला मारायचो, मग त्याला, दोन आठवड्यांत तो स्वतःच मान पुढे करायला लागला.

अ‍ॅलर्जीची टेस्ट लगेच हवीच असं नाही. औषधाने आवरत नसेल किंवा नक्की कशाची ते कळून घरात बदल करायचा असेल तर त्वचेवर टोचून करतात ती प्रिक टेस्ट किंवा रक्तातली स्पेसिफिक आयजीई, म्हणजे अ‍ॅलर्जीच्या प्रतिद्रव्याची टेस्ट. प्रिक टेस्टच्या काही दिवस आधी अँटीहिस्टामिन बंद ठेवावं लागतं, किती दिवस ते तिथेच विचारा. शंभर-दोनशे पदार्थांची आयजीजी टेस्ट म्हणून जे महागडं पॅकेज विकतात ते घेऊ नका, आयजीजी म्हणजे तो पदार्थ मुलाने खाल्लाय एवढंच, अ‍ॅलर्जी नव्हे.

घराचं म्हणाल तर सगळं एका दिवसात करायला जाऊ नका, झोपायच्या जागेपासून सुरू करा, कारण मूल दहा तास तिथे नाक खुपसून असतं. डस्ट माइट नावाचे डोळ्यांना न दिसणारे किडे गादी-उशीत राहतात आणि आपल्या कातडीचा कोंडा खाऊन जगतात, दमट हवा त्यांना फार मानवते, आणि आपल्या किनाऱ्यावर दमटपणाची काय कमी. चादरी, अभ्रे, पांघरूण दर आठवड्याला कढत पाण्यात, साधारण ६० अंशाला, धुवा. नुसतं थंड पाणी आणि पावडर याने किडे मरत नाहीत. आजीची गोधडी असेल तर तीही धुवा, टाकून देऊ नका, फक्त न धुता पांघरू नका. कापसाची जुनी गादी बदलणं शक्य नसेल तर चेनचं घट्ट विणीचं कव्हर घाला आणि ऊन असेल त्या दिवशी वाळवा. उन्हातून आणली की दुसऱ्या खोलीत झटका, मुलासमोर नाही. पलंगावर कापडी खेळणी एकच, तीही धुता येणारी. झाडू मारला की धूळ वर उडते आणि मुलाच्या उंचीवर तरंगत राहते, आधी ओला फडका, आणि पंख्याची पाती महिन्यातून एकदा ओल्या कापडाने. पावसाळ्यात भिंतीला ओल येऊन काळे ठिपके आले की ती बुरशी आहे, वरून रंग मारून जात नाही, गळती काढावी लागते. झुरळांसाठी फवारा मारण्यापेक्षा जेल आणि रात्री ओटा कोरडा. गावाकडे किंवा पुण्याच्या बाजूला मोकळ्या जागेत गाजर गवत असतं, पांढऱ्या बारीक फुलांचं, भारतात ते पहिल्यांदा नोंदलं गेलं तेच पुण्यात १९५० च्या दशकात, त्याच्या परागकणांनी नाकाचा त्रास होतो, मुलाला त्यात खेळू देऊ नका आणि उपटताना त्याला लांब ठेवा.

धूर हा वेगळाच विषय आहे. विडी-सिगारेट घरात तर नाहीच, गॅलरीतपण नाही. मच्छर कॉइल, अगरबत्तीची अख्खी पुडी, धूप, आणि बाळाला आंघोळीनंतर ओवा-लसणाच्या सालीची धुरी, याने नाकाचं अस्तर अजून चिडतं. सासूबाईंना मी एवढंच म्हटलं की आई, त्याचं नाक आधीच सुजलंय, त्यावर धूर नको, तर त्यांनी त्याच दिवसापासून धूप गच्चीत लावायला सुरुवात केली. घरच्यांना कारण सांगितलं की ऐकतात.

कानात तेल घालू नका, कोमट केलेलं तर नाहीच. पाणी पडद्याच्या मागे आहे, तेल पुढेच राहणार, आणि पडद्याला भोक असेल तर आत जाऊन त्रास. इअरबडने मळ अजून आत जातो. पातेल्यातली वाफ लहान मुलाला देऊ नका, भाजल्याच्या केसेस फार होतात. दही, केळं, दूध सरसकट बंद करायचं कारण नाही, कानातलं पाणी त्याने जात नाही आणि वाढत्या मुलाचं पोषण जातं, दुधाची खरी अ‍ॅलर्जी डॉक्टरांनी पक्की केली असेल तर गोष्ट वेगळी. बाळ बाटलीने दूध पीत असेल तर आडवं झोपवून पाजू नका, डोकं उंच ठेवा.

थांबायच्या काळात करता येण्यासारखी एक गोष्ट आहे, नाकाने फुगवायचा फुगा. एका नाकपुडीत नळी, दुसरी बोटाने बंद, तोंड मिटून नाकाने फुगा फुगवायचा, म्हणजे युस्टेशियन ट्यूब उघडून मधल्या कानात हवा जाते. इंग्लंडमध्ये ४ ते ११ वर्षांच्या ३२० मुलांवर करून पाहिलं तेव्हा तीन महिन्यांनी फुगेवाल्यांपैकी जवळपास निम्म्यांचे ग्राफ सुधारले, फुगा न वापरणाऱ्यांपैकी ३८ टक्क्यांचे. फार मोठा फरक नाही पण धोका नगण्य. दिवसातून दोन-तीनदा रोज करावं लागतं, खंड पडला की उपयोग नाही, आणि मुलाला जमण्याइतकं मोठं असायला हवं. सर्दी जोरात असताना किंवा कान दुखत असताना करायचं नाही. डॉक्टरांना विचारून घ्या.

आणि शाळेला सांगा, तोंडी नाही, चिठ्ठी लिहून. आम्ही लिहिलं की सध्या याला कमी ऐकू येतंय, पुढच्या बाकावर बसवा, बोलताना त्याच्यासमोर या, सूचना दिल्यावर त्याच्याकडून एकदा परत म्हणवून घ्या. टीचरना फार वाईट वाटलं, त्यांनी त्याला दुसऱ्या दिवशी पहिल्या बाकावर घेतलं. घरीही तेच, स्वयंपाकघरातून ओरडून सांगायचं नाही, जवळ जायचं, खांद्याला हात लावायचा, मग बोलायचं. टीव्ही बंद करून गोष्ट वाचायची, गालाशी गाल लावून.

तीन महिने थांबा म्हणतात त्याला कारण आहे, कान दुखून झाल्यानंतर राहिलेलं पाणी दहातल्या नऊ मुलांचं तीन महिन्यांत आपोआप जातं. पण काही मुलांसाठी हे थांबणं लागू नाही: बोलणं उशिरा आलंय किंवा अस्पष्ट आहे, टाळू दुभंगलेली आहे किंवा तिचं ऑपरेशन झालंय, डाऊन सिंड्रोम आहे, नजर कमी आहे, आधीपासून ऐकण्याचा दोष आहे, ऑटिझम आहे. यांना लगेच ईएनटी आणि ऐकण्याची टेस्ट. कान दुखून ताप, कानातून पू, कानामागे सूज किंवा कान पुढे ढकलल्यासारखा दिसणं, चेहरा एका बाजूला वाकडा, चक्कर, हे असेल तर त्याच दिवशी जा, रात्र असली तरी.

तीन महिन्यांनी पाणी असेलच तर ऐकण्याची टेस्ट परत करायची. ऐकू बऱ्यापैकी येतंय आणि बोलणं ठीक आहे तर दर तीन ते सहा महिन्यांनी बघत राहतात. दोन्ही कानांत आहे आणि ऐकू कमी येतंय तर ग्रोमेटचा विषय निघतो, पडद्याला बारीक छेद देऊन बसवलेली इवलीशी नळी, जी युस्टेशियन ट्यूबचं काम तात्पुरतं करते. १९५४ पासून वापरात आहे. भूल द्यावी लागते, पण ऑपरेशन काही मिनिटांचं, बहुतेक मुलं त्याच दिवशी घरी. साधारण ६ ते १८ महिन्यांत ती आपोआप पडते. मूल ४ वर्षांपेक्षा मोठं असेल तर अ‍ॅडेनॉइड काढायचं का हे त्याच वेळी विचारा, त्याआधी सहसा नाक फारच बंद असेल तरच काढतात. ग्रोमेट असताना अ‍ॅलर्जीचा स्प्रे चालू ठेवायचा, तो नाकासाठी आहे, त्याचा ग्रोमेटशी वाद नाही. साध्या पोहण्याला बहुतेक मुलांना इअरप्लग लागत नाहीत, तळ्या-नदीत किंवा खोल सूर मारायचा असेल तर विचारून घ्या.

माझ्या नणंदेच्या मुलीला ग्रोमेट बसवलं तेव्हा मी तिच्यासोबत होते. संध्याकाळी घरी आलो, ती कॉटवर बसली आणि म्हणाली, आई, तो पंखा बंद कर ना, किती ओरडतोय. पंखा दोन वर्षं तोच होता.

आमच्या मुलाचा डिसेंबरमध्ये एका कानाचा ग्राफ ए झाला, दुसरा सी, मार्चमध्ये दोन्ही ए. ते स्प्रेमुळे झालं असं मी म्हणणार नाही, बहुतेकांचं तसंही जातं, पण शिंका थांबल्या, घोरणं गेलं आणि नाकावरची रेघ पुसली गेली ती स्प्रे आणि गादीच्या कव्हरमुळे. पाणी परत येऊ शकतं, विशेषतः जून ते सप्टेंबर, म्हणून आता दर वर्षी शाळा सुरू झाल्यावर महिन्याभराने मी त्याच्या मागे उभी राहून चेंडू, पोळी, सायकल म्हणते आणि गणपती झाले की एक टिंपॅनोमेट्री करून घेते. यंदाची सव्वीस तारखेला आहे.